जुनी कॉर्व्हेट घेताना आधी इंजिनावरचे आकडे वाचा

1963 ते 1967 ची कॉर्व्हेट स्टिंग रे 'ओरिजिनल इंजिनासह' म्हणून विकायला असेल, तर रंगावर भाळण्याआधी बॉनेट उघडा. उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे ब्लॉकवर एक सपाट पट्टी असते. तिच्यावर इंजिन जोडणीचा कोड आणि गाडीच्या व्हीआयएनचे (कारखान्याने दिलेल्या ओळख क्रमांकाचे) शेवटचे आकडे ठोकलेले असतात. व्हीआयएनचे हे आकडे गाडीवरच्या व्हीआयएन प्लेटशी जुळायलाच हवेत.

पण आकडे नंतरही ठोकता येतात. म्हणून ब्लॉक ओतला तेव्हाच त्याच्यावर उमटलेली तारीख पाहा. 'ए 25 7' म्हणजे 25 जानेवारी 1967. ही तारीख गाडी बनण्याच्या आधीची हवी, साधारण काही आठवडे ते काही महिने. पट्टीवर कारखान्यातल्या यंत्राच्या बारीक समांतर रेघा दिसतात. पट्टी गुळगुळीत असेल तर ती घासून आकडे बदलल्याचा संशय घ्या.

बॉडी फायबरग्लासची, ती गंजत नाही. तिच्या आतला पोलादी सांगाडा आणि चासी मात्र गंजतात, आणि ती दुरुस्ती सगळ्यात महाग पडते. गाडी लिफ्टवर चढवून मागच्या चाकांपुढची चासी तपासा.

आणि कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर कितीही खराब असले तरी फेकू नका. त्यांच्यावरही नंबर असतात. दुरुस्त केलेला मूळ भाग नव्या नकलेपेक्षा केव्हाही मोलाचा.