प्रोजेक्टर अडला की आधी मेनूचं बटण दाबा

सोसायटीच्या वार्षिक सभेत खजिनदार जमाखर्च दाखवायला उभे राहतात आणि भिंतीवर निळा चौकोन उमटतो: 'नो सिग्नल'. मग कोणी वायर हलवतो, कोणी लॅपटॉप बंद करून चालू करतो, मागच्या रांगेतून 'दिवा गेला असेल' असा निकालही येतो. ठाण्यातले क्लास असोत, बेलापूरची ऑफिसं असोत की गणपतीचे मंडप, गोंधळ सगळीकडे हाच.

अशा वेळी वायरीला हात लावण्याआधी प्रोजेक्टरच्या अंगावरचं मेनूचं बटण दाबा. मेनू ही प्रोजेक्टरची स्वतःची अक्षरं, ती दाखवायला त्याला लॅपटॉप लागत नाही. मेनू ठसठशीत आणि योग्य रंगात दिसला तर दिवा, लेन्स आणि आतली चिप शाबूत आहे. दोष लॅपटॉपात, वायरीत किंवा सेटिंगमध्ये आहे. मेनूच पिवळट, अंधुक किंवा डागाळलेला दिसला तर लॅपटॉपाशी झटापट करण्यात अर्थ नाही. ही अर्ध्या मिनिटाची परीक्षा न करता लोक दिवा बदलायला निघतात आणि पैसे फुकट जातात.

मेनू दिसतो, चित्र दिसत नाही

सोर्सचं बटण दाबून वायर ज्या खोबणीत आहे तेच नाव निवडा. दोन एचडीएमआय असले की हमखास चुकीचं निवडलेलं असतं. मग लॅपटॉपवर विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबून 'डुप्लिकेट' निवडा. 'एक्स्टेंड'वर राहिलं तर भिंतीवर नुसता वॉलपेपर येतो आणि फाइल लॅपटॉपवरच उघडते. तो बिघाड नव्हे.

तरीही सिग्नल नसेल तर क्रम बदलून पाहा: दोन्हीकडे वायर घट्ट बसवा, प्रोजेक्टर चालू करून पूर्ण उजळू द्या, मग लॅपटॉप चालू करा. जोडणीच्या क्षणी लॅपटॉप प्रोजेक्टरला 'तुला काय झेपतं' ते विचारतो. त्या वेळी प्रोजेक्टर झोपलेला असेल तर उत्तर मिळत नाही. 'आउट ऑफ रेंज' आलं तर लॅपटॉपचं रिझोल्यूशन उतरवा. जुन्या चौकोनी प्रोजेक्टरला १०२४×७६८, थोड्या रुंद जातीला १२८०×८००, आणि रिफ्रेश ६० हर्ट्झ.

यानंतर वायर. साधी तांब्याची एचडीएमआय वायर फुल एचडीसाठी १० मीटरपर्यंत सहसा निभावते. १५ मीटरला चित्र मधूनच जातं, चमचमतं किंवा येतच नाही. हॉलच्या छताला प्रोजेक्टर टांगताना वायर पाइपातून वळणं घेत जाते, त्यामुळे सहा मीटरचं अंतर सहज पंधरावर पोचतं. शहानिशा सोपी आहे. स्टुलावर उभं राहून लॅपटॉप वर धरा आणि दीड मीटरच्या छोट्या वायरीने थेट जोडा. चित्र आलं तर पाइपातली वायर दोषी. तिच्या जागी फायबरची एचडीएमआय घाला, पण तिला दिशा असते. एका टोकावर 'सोर्स', दुसऱ्यावर 'डिस्प्ले' लिहिलेलं असतं. उलटी ओढली तर चित्र येणारच नाही आणि पुन्हा पाइप उपसावा लागेल, म्हणून आत घालण्याआधी जमिनीवर जोडून पाहा.

टाइप-सीची गंमत वेगळी. खोबण तीच दिसते, पण प्रत्येकीतून चित्र बाहेर पडत नाही. लॅपटॉपवर खोबणीशेजारी विजेची खूण किंवा डिस्प्लेपोर्टचं चिन्ह असेल तर बहुधा चालेल. मध्यम किमतीच्या बऱ्याच मोबाइलमधून फक्त चार्जिंग आणि फाइली जातात. त्यांना महागडं अडॅप्टर लावूनही काही होणार नाही.

ओटीटीवरची मॅच लावली, आवाज येतो आणि पडदा काळा, तर ते कॉपी रोखणारं कुलूप आहे. जुना प्रोजेक्टर, स्वस्त स्प्लिटर किंवा मोबाइलचं मिररिंग यांतलं एखादं ते उघडू शकत नाही. स्प्लिटर काढून थेट जोडा, किंवा टीव्हीची स्टिक सरळ प्रोजेक्टरच्या एचडीएमआयमध्ये खोचा.

शाळांमधून अजून व्हीजीए वायरी आहेत, आणि त्यांचा आजार रंगावरून ओळखता येतो. पूर्ण चित्रावर निळसर-हिरवी झाक म्हणजे लाल रंगाची पिन तुटली. पिवळी झाक म्हणजे निळ्याची, गुलाबी-जांभळी म्हणजे हिरव्याची. प्लग काढून तोंडाकडे पाहा: तीन ओळींत पाच-पाच पिना. लाल, हिरवा, निळा याच क्रमाने पहिल्या तीन पिना लांब ओळीच्या एका टोकापासून असतात. वाकलेली पिन बारीक चिमट्याने हळूच सरळ करा. मधल्या ओळीतली नववी पिन बऱ्याच वायरींत मुळातच नसते. ती 'हरवली' म्हणून वायर फेकू नका.

आणि हो, मेनूसुद्धा दिसत नसेल पण पंखा आणि दिवा चालू असेल, तर लेन्सवरचं सरकतं झाकण आणि रिमोटवरचं 'एव्ही म्यूट' (चित्र आणि आवाज तात्पुरते बंद करणारं बटण) पाहा. हसू नका, हे फार होतं.

चित्र तिरकं, अर्धं धूसर

बहुतेक साध्या प्रोजेक्टरची रचना अशी असते की टेबलावर ठेवल्यास चित्राची खालची कड साधारण लेन्सच्या उंचीला येते. म्हणून प्रोजेक्टर पडद्याच्या खालच्या कडेच्या उंचीवर, बरोबर समोर हवा. लोक तो खाली ठेवून पुढचे पाय उचलतात, चित्राचा समलंब होतो आणि मग कीस्टोन दाबत बसतात. कीस्टोन चित्र सरळ करतो, पण चिपचे काही ठिपके वापराबाहेर टाकून. अक्षरं मऊ पडतात, उजेडही घटतो. जमाखर्चाचे बारीक आकडे दाखवायचे असतील तर कीस्टोन शून्यावर आणा आणि टेबलाखाली दोन जाड रजिस्टरं सरकवा.

डावी बाजू स्पष्ट आणि उजवी धूसर असेल तर फोकसची कडी फिरवून काही हाती लागत नाही. प्रोजेक्टर बाजूला सरकलेला आहे, तो मधोमध आणा. चित्र उलटं किंवा आरशातल्यासारखं आलं तर मेनूत 'प्रोजेक्शन'मध्ये 'फ्रंट' की 'फ्रंट सीलिंग' ते पाहा.

अंतराचा हिशेब डब्यावरच्या थ्रो रेशोवरून करा, म्हणजे अंतर चित्राच्या रुंदीच्या किती पट हवं ते. तो १.५ असेल तर सहा फूट रुंद चित्राला नऊ फूट अंतर. पडदा विकत घेण्याआधी हा गुणाकार करावा.

मधेच बंद पडतो: उष्णता आणि धूळ

घोडबंदर रोडच्या आसपास बांधकामाची धूळ आणि खाडीकाठच्या ऐरोली-वाशीत दमट हवा, दोन्ही प्रोजेक्टरला मानवत नाहीत. हवा आत घेणारी जाळी (फिल्टर) चोंदली की आत गरम हवा कोंडते, 'टेम्प'चा दिवा लाल होतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत यंत्र स्वतःला बंद करतं. ती त्याची शिस्त आहे, बिघाड नाही. लगेच चालू करत राहिलात तर मात्र बिघाड होईल.

असं झालं की प्लग ओढण्याआधी दिवे वाचा. पॉवर, लॅम्प आणि टेम्प यांपैकी कुठला लाल, कुठला किती वेळा लुकलुकतो, त्याचा दहा सेकंदांचा व्हिडिओ मोबाइलवर घ्या. प्रत्येक मॉडेलची ही भाषा वेगळी असते आणि मॅन्युअलच्या तक्त्यात तिचा अर्थ मिळतो. सर्व्हिसवालाही पहिला प्रश्न हाच विचारतो.

जाळी साफ करायची ती अशी. प्रोजेक्टर बंद करून पंखा थांबू द्या, प्लग काढा. बाजूचं किंवा खालचं झाकण उघडून जाळी बाहेर काढा. रंगाचा मऊ ब्रश किंवा कमी जोरावर व्हॅक्यूम, तोही बाहेरच्या बाजूने. मॅन्युअलमध्ये परवानगी असल्याशिवाय जाळी धुऊ नका, कागदी घड्यांची जाळी पाण्याने निकामी होते. आत ब्लोअर मारणार असाल तर पंख्याचं पातं काडीने अडवून धरा, नाहीतर हवेच्या जोराने पंखा वेड्यासारखा फिरतो आणि त्याचे बेअरिंग जातात. ज्वलनशील गॅसच्या स्प्रेने गरम यंत्रात फवारणी कधीच नको. वर्गात रोज वापर असेल तर महिन्यातून एकदा, बाजूला बांधकाम चालू असेल तर पंधरा दिवसांनी. बऱ्याच डीएलपी प्रोजेक्टरना, म्हणजे चिपवरच्या सूक्ष्म आरशांनी चित्र पाडणाऱ्यांना, जाळी नसतेच. तिथे फक्त हवेच्या झडपा पुसा.

चारही बाजूंनी किमान एक फूट मोकळी जागा ठेवा. मंडपात सजावटीच्या कापडात प्रोजेक्टर गुंडाळून 'लपवला' की तो बंद पडणारच.

वीज गेली की सोसायटीचा जनरेटर येईपर्यंत काही सेकंद जातात. तेवढ्यात पंखा थांबतो आणि तापलेला दिवा थंड न होताच विझतो. असा गरम दिवा लगेच पेटत नाही. पाच-दहा मिनिटं थांबा, बटण ठोकत राहू नका. साधारण ३०० वॅटच्या प्रोजेक्टरला १ केव्हीएचा यूपीएस ठेवला तर हा प्रश्नच उरत नाही. नेहमीच्या बंद करण्यातही हेच: बटण दोनदा दाबा, पंखा थांबू द्या, मगच प्लग.

दिवा: बदलावा कधी आणि कसा

पाऱ्याच्या दिव्याचं आयुष्य साधारण ३,००० ते ५,००० तास, इको मोडवर त्याहून जास्त. हा आकडा उजेड निम्म्यावर येईपर्यंतचा समजावा. दिवा एका दिवसात जात नाही, तो हळूहळू म्हातारा होतो. म्हणून चित्र अंधुक वाटलं की आधी मेनूतले दिव्याचे तास पाहा, इको मोड काढा आणि पडद्यासमोरची ट्यूब विझवा. बरेच 'गेलेले' दिवे ट्यूब विझवल्यावर परत येतात.

तास खरंच संपले असतील तर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात जाताना प्रोजेक्टरचं नाही, दिव्याचं मॉडेल लिहून न्या. दिवा घरासकट, म्हणजे तो ज्या चौकटीत बसवलेला असतो तिच्यासकट घ्या. नुसता काचेचा बल्ब स्वस्त पडतो, पण बसवताना बोट लागलं किंवा कलता बसला तर लवकर जातो.

प्लग काढून तासभर थांबा. झाकणाचे स्क्रू सोडवा. ते सहसा सैल होतात पण निघत नाहीत, ओढू नका. हँडल धरून घर सरळ बाहेर काढा. नव्या दिव्याच्या काचेला बोट लावू नका. चरबीचा ठसा तिथे जास्त तापतो आणि काच तडकते. घर तळाला टेकेपर्यंत दाबून स्क्रू कसा आणि झाकण नीट बंद करा. झाकण अर्धवट राहिलं तर आतलं सुरक्षेचं बटण दबत नाही, प्रोजेक्टर चालूच होत नाही आणि लोक नव्या दिव्याला दोष देतात. शेवटी मेनूत 'लॅम्प अवर रिसेट', तेही फक्त दिवा बदलला असेल तेव्हाच. जुन्या दिव्याचे तास शून्य करून इशारा गप्प करणं धोक्याचं आहे: चालू दिव्यात दाब हवेच्या दाबाच्या सुमारे २००पट असतो.

'फट्' असा आवाज होऊन दिवा फुटला तर प्लग काढा, खिडक्या उघडा आणि खोली रिकामी करा, आत पारा असतो. जुना दिवा घंटागाडीच्या कचऱ्यात नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

डाग आणि रंग

पडद्यावर धूसर ठिपका दिसला तर फोकस मुद्दाम बिघडवा. चित्र विरघळताना ठिपका ठळक होत गेला तर धूळ आतल्या पॅनेलवर आहे, ते सर्व्हिसवाल्याचं काम. लेन्सवरची धूळ असा ठिपका पाडत नाही, ती पूर्ण चित्र फिकं करते. डीएलपीमध्ये पांढरे ठिपके वाढत चालले तर चिपवरचे सूक्ष्म आरसे अडकू लागलेत. चिप बदलावी लागते, आणि जुन्या यंत्रात ते बहुधा परवडत नाही. एलसीडी पॅनेलच्या प्रोजेक्टरमध्ये कोपऱ्यात पिवळा किंवा निळा डाग पसरला तर आतली फिल्म उष्णतेने भाजली आहे.

आवाज लॅपटॉपमधूनच येत असेल तर स्पीकरच्या चिन्हावरून प्रोजेक्टरचं नाव निवडा. स्पीकरमध्ये घुंऽऽ होत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. थांबलं तर आवाजाच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर (ही घुंऽऽ अडवणारी छोटी डबी) लावा, अर्थिंगची पिन मोडू नका. रिमोट चालत नसेल तर मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. प्रकाशाचा ठिपका दिसला तर रिमोट ठीक, नाहीतर सेल बदला.

जून ते सप्टेंबर यंत्र बॅगेत पडून असेल तर सोबत सिलिका जेल ठेवा आणि पंधरवड्यातून एकदा अर्धा तास चालवा, लेन्सला बुरशी धरणार नाही. एसीच्या ऑफिसातून पावसाळ्यात दमट हॉलमध्ये आणलं की बॅग उघडून अर्धा-पाऊण तास तसंच ठेवा. लेन्सवर आलेलं बाष्प पुसू नका, आपोआप उडू द्या. ते गेलं की मगच प्लग लावा.