वाडा उतरवण्याआधी: मोजणी, फोटो, लाकूड

बडोद्यात नजरबाग महाल 2014 मध्ये पाडला गेला, त्याची निदान चर्चा तरी झाली. रावपुरा, मांडवी, दांडिया बाजारातले वाडे मात्र गुपचूप उतरतात. पाडणं थांबणार नसेल तर मोजणी तरी करून ठेवा, आणि तीही लाकडाचा व्यापारी सौद्याला येण्याआधी. कोरीव दारं पहिल्यांदा जातात. दोघं टेपवर, एक वहीवर, एवढी माणसं पुरतात.

टेप स्टीलची घ्या, कापडी ताणते. भिंतीच्या एका कोपऱ्यात शून्य धरून दार, खिडकी, कोनाडा सलग वाचा: 0.42, 1.37, 2.10 मीटर. तुकडे वेगवेगळे मोजून बेरीज केली की चूक साठत जाते आणि कागदावर खोलीचे कोपरे जुळतच नाहीत. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घ्याच. जुन्या वाड्यात काटकोन क्वचित सापडतो. कर्ण नसले तर वाकडा चौक नकाशात बिनबोभाट सरळ होतो. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीत मिळते, तक्तपोशीची (लाकडी फळ्यांच्या छताची) जिन्याच्या तोंडाशी. उंचीसाठी पारदर्शक नळीत पाणी भरून सगळीकडे एकाच पातळीची रेघ मारा, मापं तिच्यापासून वर-खाली. नळीत बुडबुडा राहिला की पातळी खोटी. नकाशा 1:50 प्रमाणात, कोरीव काम 1:5.

फोटो भिंतीला समांतर, मोजपट्टीसह. भित्तिचित्रं असतील तर एक फोटो बाजूनं तिरपा उजेड टाकून घ्या, फुगलेला गिलावा त्यातच दिसतो. ती स्वतः सोलायला जाऊ नका, चुना भुगा होऊन खाली येतो. बडोद्यातल्याच तांबेकर वाड्यातली चित्रं भिंतीवर आहेत, कारण तो वाडाच पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे.

लाकूड वरून खाली उतरवा: कौलं, वासे, आढं, मग तुळया, शेवटी खांब. सांध्यातली लाकडी खुंटी निमुळत्या टोकाकडून ठोकली की निघते. घाईत करवत चालवली तर कूस (खाचेत बसणारं टोक) तुटते आणि खांब पुन्हा उभा करायच्या कामाचा राहत नाही. मग तो हॉटेलच्या दारात शोभेला. खडूचे आकडे पहिल्या पावसात पुसले जातात. पत्र्याचे बिल्ले पितळी खिळ्यानं, न दिसणाऱ्या बाजूला ठोका, आणि तोच आकडा नकाशावर घाला. खांबाचं तोंड कुठल्या दिशेला होतं तेही लिहा, नाहीतर पुन्हा उभारताना नक्षी भिंतीकडे जाते. उतरवलेलं लाकूड रचताना खाली विटा घाला, दोन थरांच्या मध्ये पट्ट्या. जमिनीला टेकलेल्या लाकडात वाळवी शिरते.