आई कोठडीत, मुलं बाहेर: सोबत करणाऱ्यांसाठी

कोठडीतल्या आईला पहिल्यांदा भेटाल तेव्हा एकटीलाच भेटा. नवरा, नातेवाईक, मोठं मूल, कुणीच शेजारी नको. घरात तिला मारहाण झाली असेल, तर त्यांच्यासमोर ती त्याबद्दल बोलणार नाही. गुन्ह्याचं विचारू नका. तिने तुम्हाला सांगितलेलं उद्या कोर्टात निघू शकतं, ते वकिलाशीच बोलू दे. तुम्ही एवढंच विचारा: मुलं आज रात्री कुणाकडे आहेत? त्यांची औषधं, शाळा कोण बघतंय? आणि ती कुठे आहेत हे कुणाला कळता कामा नये?

तिसरा प्रश्न हमखास राहून जातो आणि तिथेच घात होतो. मारणारा माणूस ‘मुलांचा बाप’ म्हणून भेटीच्या यादीत सहज शिरतो, मग मुलांच्या आडून धमक्या सुरू होतात. भेटीला कोण येईल हे हिंसा सोसलेल्या बाईला विचारूनच ठरवावं, असं संयुक्त राष्ट्रांच्या २०१० च्या बँकॉक नियमांतला (स्त्री कैद्यांना कसं वागवावं याचे नियम) ४४ वा नियम सांगतो. अर्जात त्याचा उल्लेख करा. मुलांची सोय लावायला अवधी हवा असेल तर त्यातलाच नियम २ दाखवा. मात्र पत्ता जपा: कोर्टात दिलेल्या कागदाची प्रत समोरच्या पक्षालाही मिळते. सुरक्षित पत्ता कागदावर येण्याआधी तो गुप्त ठेवता येईल का, हे वकिलाला विचारा.

जखमांचे वैद्यकीय कागद, जुन्या तक्रारी, धमकीचे मेसेज तारखेवार लावून वकिलाकडे द्या, तेही जामिनाच्या सुनावणीआधी. नाहीतर जामिनाच्या अटीत राहण्याचा पत्ता म्हणून मारणाऱ्याचंच घर लिहिलं जाऊ शकतं. फौजदारी खटला आणि मुलांचा ताबा यांच्या तारखा एकाच कागदावर लिहा. एकाच दिवशी दोन्हीकडे हजेरी लागली, तर एकीकडे तिची गैरहजेरी मांडली जाते.

मुलांना ‘आई कामाला गेली’ सांगू नका. शाळेत कुणीतरी खरं सांगतंच, आणि मग मूल तुमच्यावरही विश्वास ठेवत नाही. ‘आई तुरुंगात आहे. तुझं काही चुकलं नाही. शनिवारी फोन येईल,’ इतकं पुरे. फक्त तो शनिवार पाळा. भेटीआधी झडती होईल, मध्ये काच असू शकते, वेळ संपली की उठावं लागेल, हे आधीच सांगा. भेटीनंतर मूल अंथरूण ओलं करेल, चिडेल. म्हणून भेटी बंद करू नका. त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका, मूल शांत होईपर्यंत ओळखीचं माणूस जवळ ठेवा.

सुटकेची तारीख मारणाऱ्यालाही कळू शकते. त्याआधीच राहण्याची जागा पक्की करा, आणि फोन हातात येताच पासवर्ड बदला, लोकेशन शेअरिंग बंद करा. मुलाच्या फोनवरचंही.