रब्बीत पार्सली : कोथिंबिरीची घाई इथे चालत नाही

ऑक्टोबरचं ऊन कललं की पार्सली पेरायला घ्यावी. दिवाळीच्या मागेपुढे ते नोव्हेंबरअखेर हा आपल्याकडचा चांगला काळ.

कोथिंबीर, गाजर, ओवा यांच्याच कुळातलं हे पीक. त्यामुळे आपण ते कोथिंबिरीसारखंच हाताळतो आणि तिथेच फसतो. धने रगडून, डाळ करून पेरले की आठ-दहा दिवसांत वाफा हिरवा दिसतो. पार्सलीचं बारीक बी रगडायचं नाही. कोमट पाण्यात 24 तास भिजवा, मध्ये एकदा पाणी बदला, सावलीत सुकवा आणि अर्धा ते एक सेंटिमीटरच खोल टाका. उगवायला तीन-चार आठवडे लागतात. पंधराव्या दिवशी ‘बी खोटं निघालं’ म्हणत वाफा मोडून पालक टाकलेला मी पाहिलाय, फार वाईट वाटलं. एवढे दिवस वरची माती वाळू देऊ नका. ओळीत अधूनमधून मुळ्याचं बी टाकलं तर तो लवकर उगवतो, ओळ कळते आणि खुरपणी सोपी जाते. खुरपताना गाजरगवताकडे लक्ष ठेवा. कोवळेपणी दोन्ही सारखी दिसतात, पण गाजरगवताच्या पानावर लव असते, पार्सलीचं पान गुळगुळीत.

गादीवाफा, भरपूर कुजलेलं शेणखत, ठिबक. पाणी साचलं की मूळ कुजतं. प्रो-ट्रेमध्ये रोपं केलीत तर सोटमूळ न दुखवता लावा, दोन रोपांत वीतभर अंतर ठेवा. मावा आला तर 5 टक्के निंबोळी अर्क फवारा. पान कच्चंच खाल्लं जातं, तेव्हा कडक औषधांच्या नादी लागू नका.

साधारण 70 ते 90 दिवसांत तोडा सुरू होतो. बाहेरचे देठ बुडापासून कापा, मधला कोंब राखा, म्हणजे पुन्हा पुन्हा तोडे मिळतात. मार्चनंतर शेडनेटची सावली लागेल. तोडा पहाटे करा, आणि जुड्या पिकत्या केळ्यांजवळ ठेवू नका, पान पिवळं पडतं. पहिल्या वर्षी एक-दोन गुंठेच करा. हॉटेलवाल्याला सजावटीसाठी कुरळी हवी की स्वयंपाकासाठी चपट्या पानाची, हे बी घेण्याआधी विचारा. वास आणि चव चपटीला जास्त. घरी सूप उतरवताना शेवटी घाला. लेबनॉनच्या ताबुले नावाच्या कोशिंबिरीत तर ही भाजीसारखी मूठमूठ पडते.

औषधी म्हणून विकताना मात्र जपून बोला. पानांत क जीवनसत्त्व चांगलं आहे, के जीवनसत्त्व तर भरपूर. म्हणूनच वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हिचा रस सुरू करू नये. गर्भवतींनी जेवणातली चिमूटभर पानं खायला हरकत नाही, पण बियांचा काढा किंवा तेल अजिबात नको, त्यातल्या अपिओलने गर्भपात होऊ शकतो. आणि आयुर्वेदातली अजमोदा वेगळी आहे. काष्ठौषधीच्या दुकानातून अजमोदा आणून पार्सली म्हणून पेरू नका, तिचे गुणही हिला चिकटवू नका.