गावच्या विहारात चीवरदान : या चुका टाळा

गावोगावी कठीण चीवरदान, म्हणजे वर्षावास (पावसाळ्यात एकाच विहारात मुक्काम) संपल्यावर बौद्ध भिक्खूंना चीवर (त्यांचं वस्त्र) देण्याचा विधी, पुन्हा सुरू होतंय, हे उत्तमच. पण पत्रिका आधी छापायची आणि भंतेजींना (भिक्खूंना) नंतर विचारायचं, हा प्रकारही वाढलाय. सगळ्या गोंधळाचं मूळ तिथेच आहे.

वर्षावास नाही, तरी ‘कठीण’

आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा ज्या भिक्खूंनी त्याच विहारात वर्षावास केला, त्यांच्यासाठी हे दान असतं. संघात किमान पाच भिक्खू लागतात आणि एका विहारात ते वर्षातून एकदाच होतं. आपल्याकडची कितीतरी खेड्यांतली विहारं एरवी कुलूपबंद असतात. तिथे कठीण चीवरदान नियमात बसतच नाही. तिथे सरळ संघदान (भिक्खूसंघाला दिलेलं साधं दान) ठेवा, पत्रिकेवरही तेच छापा. ऐनवेळी चारच भिक्खू पोचले, तरी हाच मार्ग.

थायलंडची ‘फा पा’ प्रथा यासाठी बघण्यासारखी आहे. चीवर झाडाच्या फांदीवर ठेवतात आणि भिक्खू ते पांसुकूल, म्हणजे टाकून दिलेलं वस्त्र म्हणून उचलतात. मागे पडलेल्या या प्रथेला १९व्या शतकात राजा मोंगकुटने पुन्हा चालना दिली. तिला महिन्याचं बंधन नाही. बँकॉकला कामाला गेलेली माणसं वर्गणी काढून, बस करून आपल्या गावच्या विहाराला जातात. सोबत नोटा लावलेलं झाड. त्या पैशातून विहाराची डागडुजी निघते. मुंबई-पुण्यातल्या आपल्या मंडळांना हे सहज जमेल.

तारीख

कठीणाला आश्विन ते कार्तिक पौर्णिमा एवढाच महिना मिळतो. ऐन मध्यावर दिवाळीची अमावास्या येते आणि शहरातली पोरं तेव्हा गावातच असतात. हॉल मिळाला म्हणून डिसेंबर धरू नका.

चीवरांचा ढीग

कठीणाचं चीवर एकच असतं. तरी प्रत्येक कुटुंब एकेक घेऊन येतं. कपाटात चीवरं मावत नाहीत आणि पत्रा मात्र गळतोय. भंतेजी स्वतःहून मागणार नाहीत, कारण कठीणासाठी सूचक बोलणंही विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत, बसत नाही. म्हणून विहारात काय कमी आहे ते उपासकांनीच आधी फिरून बघावं : वीजबिल, पाण्याची टाकी, संडासाचं दार. यादी फळ्यावर लिहा, ज्याने जे उचललं त्यापुढे नाव टाका. तयार चीवराऐवजी पांढरं कापड देणार असाल, तर कापणं, शिवणं, रंगवणं त्याच दिवशी व्हावं लागतं. शिलाई मशीन आणि रंगाचं पातेलं सकाळीच तयार हवं.

पाकीट थेट हातात

भिक्खूंनी पैसे स्वीकारू नयेत, असा नियम आहे. रक्कम समितीकडे द्या, पावती घ्या. जमाखर्च त्याच दिवशी माइकवर वाचून दाखवला, तर पुढच्या वर्षी वर्गणीसाठी दारोदार फिरावं लागत नाही.

भाषणं

भिक्खूंचं भोजन दुपारी बाराच्या आत उरकायला हवं. म्हणून साडेनऊला त्रिशरण-पंचशील, मग दान, अकराला भोजनदान. सत्कार, हारतुरे आणि उशिरा येणारे प्रमुख पाहुणे हे सगळं त्यानंतर.