जुन्या पेट्रोल गाडीचे प्लग-वायर घरी बदलताय? या चुका टाळा

पहिली चूक पाना हातात घेण्याआधीच होते. आपल्याकडच्या बोलेरो, सुमो, कमांडर या गाड्या बहुतेक डिझेलच्या. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग नसतो. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच तिथे इंधन पेटतं. मिस्त्री ज्याला हीटर प्लग म्हणतात, तो फक्त थंड इंजिन सुरू व्हायला मदत करतो. तेव्हा पुढचं सगळं पेट्रोल गाडीसाठी. आणि आपल्या भागात जुनी पेट्रोल एसयूव्ही म्हटली की मारुतीची जिप्सीच. १९८५ मध्ये आलेली ही गाडी ताडोबा, पेंचच्या गेटवर वर्षानुवर्षं राबली आहे, आणि लिलावातून घेतलेल्या कित्येक जिप्सी आज शेताच्या वाटेवर चालतात.

प्लग बदलणं अवघड नाही. पण घाईत हेडचे (सिलिंडरवरच्या झाकणाचे, ज्यात प्लग बसतो) आटे गेले, तर वीस मिनिटांचं काम गाडी टोचन करून नागपूर किंवा चंद्रपूर गाठण्यावर जातं. तालुक्याच्या गावी हेडमध्ये नवे आटे बसवणारा कारागीर मिळेलच असं नाही. म्हणून आटे वाचवणं हेच या कामातलं मुख्य काम समजा.

गरम इंजिनावर हात घालू नका

जिप्सीचं हेड अॅल्युमिनियमचं आहे. गरम असताना प्लग उपटला की मऊ धातूचे आटे त्याच्यासोबत ओढले जातात. उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी उशिरापर्यंत बोनेटखाली हात लावू देत नाही, म्हणून रात्रभर गाडी उभी ठेवा आणि पहाटे काम धरा. प्लग अडकलाच असेल तर त्याच्या बुडाशी गंज सोडवणारं तेल सोडून तासभर थांबा. मग थोडा सैल, परत थोडा आवळ, परत सैल, असं करत काढा. पान्याला पाइप लावून जोर देणं म्हणजे प्लग मध्येच तोडणं.

खड्डा साफ न करता प्लग काढणे

आपल्या रस्त्यांवरची धूळ प्लगच्या खड्ड्यात साचून बसते. प्लग निघाला की ती थेट सिलिंडरमध्ये पडते आणि पिस्टनच्या रिंगा खाते. आधी वायरची टोपी काढा, मग हवा मारा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर जवळ नसेल तर फटफटीत हवा भरायचा पंपही चालतो. फक्त डोळ्यांवर चष्मा हवा. १६ व्हॉल्व्हच्या इंजिनात खड्ड्यात तेल दिसलं, तर वरच्या कव्हरचं सील गेलं आहे. ते न बदलता नवीन वायर टाकली तर तिची रबरी टोपी तेलात फुगून काही महिन्यांत खराब होते.

चारही वायर एकदम काढणे

ही सगळ्यात जास्त होणारी चूक. चार सिलिंडरच्या या इंजिनांचा फायरिंगचा, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा, क्रम १-३-४-२ आहे. डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला पाळीने करंट वाटणाऱ्या भागाच्या) कॅपवर एक वायर जरी चुकीच्या जागी बसली, तर गाडी फटाके फोडते किंवा सुरूच होत नाही. एक वायर काढा, तो प्लग बदला, नवी वायर त्याच जागी बसवा, मगच दुसरी. नवी वायर जुन्या वायरशेजारी धरून लांबी जुळवून घ्या. काढताना टोपी धरून थोडी फिरवायची, वायर धरून ओढायची नाही; आतला कार्बनचा धागा तुटतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. बसवताना ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. वायर क्लिपांमध्येच ठेवा, सायलेन्सरच्या गरम पाइपाला टेकू देऊ नका.

ऊन जास्त म्हणून ‘थंड’ प्लग

पारा ४६ वर जातो म्हणून थंड जातीचा (टोकाची उष्णता लवकर बाहेर टाकणारा) प्लग घाला, असा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. तो ऐकू नका. चालू इंजिनात प्लगचं टोक साधारण ४५० ते ८५० अंशांत राहिलं पाहिजे, तरच काजळी जळून टोक स्वच्छ राहतं. तिथे बाहेरच्या पाच-दहा अंशांनी काय फरक पडणार? थंड प्लग मात्र गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत काळा पडून मिसिंग (सिलिंडर मधूनमधून न पेटणं) सुरू करतो. शिवाय आकड्यांचा घोळ आहेच: एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा मोठा तितका प्लग थंड, बॉशमध्ये त्याच्या उलट. मॅन्युअलमध्ये लिहिलेला नंबरच घ्या, आणि आट्याची लांबी जुन्या प्लगशी जुळवून बघा. लांब प्लग पिस्टनला धडकू शकतो. खोक्यातून काढल्यावर गॅपही (टोकाशी ठिणगी पडायची फट) फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, तपासा. जुन्या कार्बोरेटर इंजिनांत तो बहुधा ०.७ ते ०.८ मिमी असतो. तरी तुमच्या इंजिनासाठी मॅन्युअलमधला आकडाच धरा.

आवळताना जोर दाखवणे

नवीन प्लग कधीही पान्याने सुरू करू नका. प्लगच्या डोक्यावर घट्ट बसेल अशी हातभर रबरी नळी घ्या आणि नळीनेच फिरवत प्लग आत न्या. आटे तिरके लागले तर नळी प्लगवरच घसरते, पुढे जात नाही. तुम्हाला बोटांना कळतं. पाना लावला असता तर हाताला काही कळलंच नसतं आणि हेड गेलं असतं. प्लग बुडाला टेकला, की वॉशरच्या नव्या प्लगला पान्याने अर्धा, फार तर दोन-तृतीयांश फेरा आवळा. टॉर्क पाना (आवळण्याचा जोर मोजणारा) असेल तर अॅल्युमिनियम हेडला २५ ते ३० न्यूटन-मीटर. आट्यांना ग्रीस किंवा तेल लावू नका. त्याने पाना कमी जोरात जास्त आवळतो. सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक (करंट न वाहू देणारं) ग्रीस लावायचंच तर टोपीच्या आतल्या कडेला, थोडंसं.

“सगळं नवीन टाकलं, तरी झटके देऊन रायली”

असं झालं तर लगेच पुन्हा प्लग घेऊ नका. आधी प्रत्येक टोपी दाबून बघा, निम्मा त्रास तिथेच असतो. मग अंधारात बोनेट उघडून गाडी चालू ठेवा आणि हात न लावता दूरूनच वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारा. निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या, तिथून करंट गळतो आहे. पावसाळ्यात फक्त सकाळी मिसिंग करणाऱ्या गाडीचं दुखणं बहुतेक इथेच सापडतं. उंदरांनी कुरतडलेली वायरही अशीच उघडी पडते. कापूस किंवा धान्य साठवलेल्या कोठाराजवळ गाडी उभी राहत असेल, तर टेप गुंडाळून चालत नाही, वायर बदला.

वायर ठीक असेल तर दोन सिलिंडरचे प्लग आपसात बदला. मिसिंग प्लगसोबत गेलं तर प्लग खराब; जागच्या जागी राहिलं तर डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडून बघा. केसासारखी बारीक चीर, आतल्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी, झिजलेला मधला कार्बन, यातलं काही दिसलं तर कॅप आणि तिच्या आत फिरणारा रोटर दोन्ही बदला. काढलेला प्लगही बघून घ्या. फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर चोंदलेला. तेलकट काळा म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील. पांढरा, फोड आलेला म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. अशी गाडी तातडीने दाखवून घ्या.

ठिणगी बघण्यासाठी चालू गाडीची वायर ओढून बॉडीजवळ धरण्याची जुनी पद्धत मात्र सोडा. झटका जबर बसतो, पेट्रोलची वाफ पेटू शकते, आणि एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत कॉइल किंवा कॉम्प्युटर जळतो. दुकानात मिळणारा स्पार्क टेस्टर या सगळ्यांपेक्षा कितीतरी स्वस्त आहे.