बाहुलीचे जलरंगातले चित्र कसे पाहावे

बाहुलीचं चित्र समोर आलं की नजर थेट चेहऱ्यावर जाते आणि तिथेच अडकते. म्हणून चेहरा शेवटी पाहायचा.

सुरुवात सांध्यांपासून करा. मनगट, कोपर, गुडघा. उभ्या माणसाचा भार पायांवर असतो. कळसूत्री बाहुलीचा भार दोऱ्यांवर, पावलं जेमतेम टेकलेली. चित्रात दोऱ्या दाखवलेल्या नसल्या तरी हात कसे लोंबतात यावरून हा भार कळायला हवा. मला तरी चित्रकाराची खरी कसोटी इथेच वाटते.

मग पेन्सिल शोधा. जलरंग पारदर्शक असतो, त्यामुळे खालची ग्राफाइटची रेघ दिसत राहते आणि वर रंग चढल्यावर ती नीट खोडताही येत नाही. खांद्याजवळ दोन रेघा दिसल्या, तर चित्रकाराने तिथे विचार बदलला असावा. मूळ चित्र समोर असेल तर जरा बाजूला सरकून तिरपं पाहा: रंगावरून ओढलेलं ग्राफाइट राखाडी चमकतं.

पांढऱ्या जागाही तपासा. जलरंगात पांढरा म्हणजे बहुधा कोरा राखलेला कागद. डोळ्यातला चमकता ठिपका आधीच ठरवून सोडलेला असू शकतो.

आता सावकाश पाहायचा भाग: लाकूड, कापड, झीज. लाकडावर छटा झटकन बदलते, कापडाच्या घडीत ती विरत जाते. अमेरिकेत १९३५ ते १९४२ या काळात ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’ या सरकारी उपक्रमात चित्रकारांनी जुन्या वस्तूंची सुमारे १८ हजार चित्रं केली. बहुतेक जलरंगात, आणि त्यांत बाहुल्याही आहेत. आज ती वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहेत. उद्देश नोंदीचा होता, म्हणून उडालेला रंग, विटलेलं कापड जसंच्या तसं उतरवायचं. अशा चित्रात प्रत्येक टवका मुद्दाम, हळूहळू रंगवलेला असतो. एकच टवका निवडा आणि त्याची कड कुठे धारदार आहे, कुठे पुसट, ते बघा. घाई करू नका.

एवढं झाल्यावर चेहरा. इथे दोन हात एकत्र आलेत: भुवईची रेघ बाहुली घडवणाऱ्याची, तिच्याखालची सावली चित्रकाराची. सावली बोटाने झाका. बाहुली आधीसारखीच बघते आहे का?